मुंगीच्या पावलांनी

मैत्रिणींनो, दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण एक दुखणं असं आहे की, ते येतंच मुंगीच्या पावलांनी. येताना दिसत नाही, वाजत नाही, आणि कुठं काही जाणवलंच तर आपण म्हणतो, ‘छे, वय झालं आता!’ आमच्या घरात ते आलं आणि चांगलं सात-आठ महिने राहिलं. माझ्या डोळ्यांदेखत राहिलं आणि मला दिसलं नाही. ती माझी चूक आज तुमच्यापुढं मांडायची म्हणून लिहायला बसले आहे. सासूबाईंना विचारूनच लिहितेय हं! ‘लिही, पण माझं नाव घालू नकोस. आणि मी पापड किती पातळ लाटायची तेही लिही,’ म्हणाल्या.

तर आधी पापडांचंच सांगते. साताऱ्यात आमचं जुनं, माडीचं घर आहे. गच्ची मोठी, त्यामुळे एप्रिल लागला की वाळवणं आलीच. कुरडया, सांडगे, उडदाचे पापड. २०२२ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. आई तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. (सासूबाईंना मी आईच म्हणते.) दरवर्षी आमच्या दोघींत पैज लागायची आणि मीच हरायची. त्या वर्षी मात्र आठ-दहा पापड लाटून झाले आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, ‘जरा दम खाते गं.’

उन्हं चढत होती, पीठ वाळत होतं, माझे हात तेलात बरबटलेले. मी म्हटलं, ‘अहो आई, बसूनच तर लाटायचे आहेत. त्यात दमायचं काय?’

खरं सांगते, रागानं नव्हते बोलले. हसतच बोलले. पण त्या दिवसानंतर आईंच्या तोंडून ‘दमले’ हा शब्द मी ऐकला नाही. आणि मला मेलीला वाटलं, बरं झालं, बरं वाटतंय त्यांना!

आता मागं वळून पाहिलं की सगळं ओळीनं दिसतं. संक्रांतीच्या सुमाराला त्यांनी गच्चीवरच्या तुळशीला पाणी घालायला धाकट्याला पिटाळायला सुरुवात केली. मी म्हटलं, गुडघे. रात्री एका उशीच्या दोन उशा झाल्या, मग तीन. मी म्हटलं, मान अवघडत असेल. पायातली जोडवी काढून डबीत ठेवली, ‘रुततात गं’ म्हणाल्या. मी म्हटलं, थंडी-उन्हाळ्यात बोटं सुजतातच. रात्री आडवं झालं की कोरडा खोकला. त्याला हळद-दूध आणि ज्येष्ठमध. रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठणं. त्याला साखरेचं निमित्त होतंच, कारण मधुमेह जुना. दोन घासांत पोट गच्च व्हायचं, त्याला ओवा. गुडघ्यांसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या चालूच होत्या. आणि गंमत बघा, जेवण कमी झालं तरी वजन वाढत होतं. शेजारच्या काकू तर मला शाबासकी देऊन गेल्या, ‘सासूच्या अंगावर मूठभर मांस चढवलंस हो!’

एकेका तक्रारीला माझ्याकडे एकेक उत्तर तयार होतं. त्या सगळ्यांची बेरीज करावी, हे मात्र सुचलं नाही.

मे महिन्यात पुतण्याचं लग्न झालं. दोन दिवस पंगती, मठ्ठा, पापड, लोणचं, मिरचीची भजी. कार्यालयातून घरी आलो त्या रात्री अडीचच्या सुमाराला मामंजींची हाक आली. जाऊन पाहते तो आई खिडकीचे गज धरून बसलेल्या. तोंडानं श्वास घेताहेत, कपाळावर घाम, ओठ काळसर. आडवं करायला गेले तर माझा हात झटकून टाकला. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की त्यांनी हात झटकला तेच बरं केलं. अशा वेळी माणसाला निजवायचं नसतं. पाय खाली सोडून, पाठीला आधार देऊन बसवायचं, पाणी पाजत बसायचं नाही आणि ताबडतोब दवाखाना गाठायचा. आपल्याकडे १०८ नंबरला फोन केला की रुग्णवाहिका येते, हा आकडा तेवढा घरात सगळ्यांना पाठ असू द्या.

दवाखान्यात प्राणवायू लावला, शिरेतून औषध दिलं आणि पहाटेपर्यंत लघवीच्या पिशवीवर पिशव्या भरल्या. पाच दिवसांत आईंचं वजन सहा किलोनं उतरलं. सहा किलो! ते मूठभर मांस नव्हतंच, बायांनो. नुसतं पाणी होतं ते.

सकाळी डॉक्टर म्हणाले, ‘हार्ट फेल्युअर आहे.’ हे मटकन खालीच बसले. आपल्याकडे ‘हार्ट फेल’ म्हणजे काय, तर माणूस गेला! डॉक्टरांना त्याची सवय असावी. त्यांनी ह्यांना खुर्ची दिली, मला समोर बसवलं आणि म्हणाले, ‘हृदय बंद पडलेलं नाही. ते थकलंय. जेवढं रक्त ढकलायला हवं तेवढं त्याला ढकलवत नाही.’

मग त्यांनी जे समजावून सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगते.

आपलं हृदय आपल्याच मुठीएवढं. त्याला चार कप्पे. उजवीकडचे दोन अंगातलं वापरलेलं रक्त गोळा करून फुप्फुसांकडे पाठवतात. डावीकडचे दोन फुप्फुसांतून आलेलं ताजं रक्त साऱ्या अंगाला पुरवतात. एका ठोक्याला साधारण सत्तर मिलीलिटर, म्हणजे आपली लहान अर्धी वाटी. मिनिटाला असे सत्तर-बहात्तर ठोके, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. दोन मिनिटांत कळशी भरेल! दिवसाला सुमारे एक लाख ठोके, आणि रविवारची सुटी नाही. आपल्यासारखंच की!

आता आपल्या घरची पाण्याची मोटर डोळ्यांपुढे आणा. खाली हौद, वर गच्चीवर टाकी. मोटर थकली की काय होतं? वरच्या नळाला करंगळीएवढी धार, आणि खाली हौद तुडुंब भरून पाणी अंगणात. हृदयाचंही तेच. पुढं टंचाई, मागं तुंब. टंचाईमुळे थकवा, गळाठा. डावी बाजू थकली की तुंब फुप्फुसांत, म्हणजे दम आणि खोकला. उजवी थकली की तुंब पायांत, पोटात, यकृतात. म्हणजे रुतणारी जोडवी आणि दोन घासांत भरलेलं पोट. दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर पुन्हा रक्तात येतं. फुप्फुसांवर त्याचा भार पडला की उशा वाढतात, आणि मूत्रपिंडांकडे गेलं की रात्री उठणं वाढतं. माझी आठ उत्तरं एकाच प्रश्नाची होती म्हणायची!

पण मला सगळ्यांत पटलं ते पुढचं. हृदय एका दिवसात थकत नाही. आधी शरीर त्याला सांभाळून घेतं. ठोके वाढवतं, रक्तवाहिन्या आवळून दाब टिकवतं. हृदयाचा कप्पा ताणून मोठा होतो, कारण ताणलेला स्नायू जोरानं आवळतो, आपल्या इलॅस्टिकसारखा. आणि मूत्रपिंडं? रक्त कमी येतंय असं पाहून त्यांना वाटतं की अंगातलं पाणीच कमी झालं. मग ती मीठ धरून ठेवतात आणि मिठामागं पाणी. नळाला धार बारीक दिसली की आपण कसं, उद्या पाणी येतंय की नाही म्हणून हंडे, कळश्या, पातेली, मिळेल ते भरून ठेवतो, तस्सं! हेतू चांगला, पण पाण्याचा तोटा नसतोच, बिघाड असतो मोटरीत. साठवलेल्या त्या पाण्याचा भार पुन्हा त्याच थकलेल्या हृदयावर. ते आणखी ताणतं. रोज रोज ताणलेलं इलॅस्टिक शेवटी सैल पडतंच. असं हे चक्र महिनोन्‌महिने आतल्या आत चालतं, आणि बाहेरून माणूस फक्त ‘दमलेलं’ दिसतं.

दुसऱ्या दिवशी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको झाला. कागदावर आकडा होता तीस टक्के. मामंजी जुने मास्तर. त्यांचा चेहरा पडला. ‘पस्तीसला पास, म्हणजे आमच्या मंडळी नापासच की!’ डॉक्टर हसले. म्हणाले, ‘या परीक्षेत शंभर कुणालाच मिळत नाहीत.’ भरलेल्या डाव्या कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं, त्याचा तो हिशेब. निरोगी माणसाचंही साधारण पंचावन्न ते सत्तर टक्केच पडतं. आईंचं तीसवर आलं होतं. (इथंच एक सांगून ठेवते. काही जणांचा हा आकडा चांगला असतो आणि तरीही दम लागतो, पाय सुजतात. त्यांचं हृदय आवळतं नीट, पण ताठर झाल्यामुळे सैल होऊन नीट भरत नाही. हा प्रकार उतारवयातल्या बायकांत जास्त. रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा असला की विशेष. तेव्हा ‘आकडा नॉर्मल आहे, उगीच कुरकुरते’ असं म्हणण्याआधी डॉक्टरांना पुन्हा विचारा.)

कशानं झालं हे? आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या. डोकं दुखत नाही, मग कशाला, म्हणून त्यांनी त्या मनानंच बंद केल्या होत्या. आणि दुसरं कारण ऐकून माझ्या अंगावर काटा आला. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख दाखवून विचारलं, ‘यांना पूर्वी कधी झटका आला होता का?’ आम्ही एका सुरात ‘नाही’ म्हटलं. मग आठवलं. २०२१ सालच्या नवरात्रात, उपवासाच्या दिवशी, आईंना दरदरून घाम फुटला होता, मळमळ होत होती, जबडा आणि पाठ भरून आली होती. आम्ही म्हटलं, साबुदाण्याचं पित्त. आल्याचा रस आणि पादेलोण दिलं आणि निजवलं. तो हृदयविकाराचा झटका होता! बायकांना, त्यातून मधुमेह असलेल्यांना, छातीत कळ न येताही तो येऊ शकतो. हृदयाचा जो भाग तेव्हा मेला, त्याचं काम उरलेल्या स्नायूवर पडलं, आणि तिथून ही मुंगी घरात शिरली.

भरीला गुडघ्यांच्या गोळ्या. दुकानातून मिळणाऱ्या बऱ्याचशा सूज-दुखण्याच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि अशा हृदयाला अपायच करतात. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! म्हणून तुम्हाला सांगते.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी आई जरा हुशारल्या. मी पाय चेपत होते. न राहवून विचारलं, ‘आई, एवढं होत होतं, तर मला बोलला का नाहीत?’ थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘तुला वाटलं असतं, म्हातारी कामाला टाळते.’

त्यांच्या पायावर माझ्या अंगठ्याचा खड्डा पडला होता आणि तो भरून येत नव्हता. मी त्या खड्ड्याकडे बघत बसले. काय बोलणार?

घरी आलो ते नवा संसार मांडायलाच. पहिली गोष्ट मीठ. आपलं पान वाढायला सुरुवातच मिठापासून होते. आमच्या घरी ताटातलं मीठ त्या दिवसापासून बंद झालं. निरोगी माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळं मिळून चहाच्या सपाट चमचाभर मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण ते नुसत्या आमटीत संपवतो! पापड, लोणचं, चिवडा, फरसाण, बेकरीची बिस्किटं, आयते मसाले यांतलं वेगळंच. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतंच, आणि सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात बहुधा पोटॅशियम घातलेलं असतं. हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते घातक ठरतं. डॉक्टरांना विचारल्यावाचून आणू नका.

आधी आई रुसल्याच. ‘चाळीस वर्षं तुझ्या मामंजींकडून आमटीत मीठ कमी म्हणून ऐकून घेतलं. आता जास्त म्हणून ऐकायचं का?’ मग मी एक केलं. वेगळं अळणी शिजवायचं नाही. सगळ्यांचीच आमटी कमी मिठाची, ज्याला हवं त्यानं वरून घ्यावं. चव आणायला लिंबू, आमसूल, जिऱ्याची पूड, मिरी, लसूण, भरपूर कोथिंबीर. भाकरीच्या आणि कणकेच्या पिठात मीठ घालायचं सोडून दिलं, कुणाला कळलंही नाही. तीन आठवडे कुरकुर झाली, मग जीभ वळली. ह्यांचाही रक्तदाब जरा उतरला, हा वरचा नफा.

दुसरी गोष्ट वजन. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी, काट्यावर उभं राहायचं. कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी आकडा लिहायचा. दोन-तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं तर ते मांस नव्हे, पाणी. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. या एका सवयीनं दोनदा दवाखान्याची वारी चुकली आहे. पाणी किती प्यायचं तेही डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. तेवढं सकाळीच तांब्यांनी मोजून ठेवायचं. (प्रत्येकाला हे बंधन नसतं बरं का! मनानं पाणी तोडू नका.)

तिसरी गोष्ट गोळ्या. एक हृदयावरचा भार हलका करते, एक ठोके आवरते, एक शरीराचा तो चुकीचा साठा करण्याचा हट्ट मोडते. मधुमेहासाठी निघालेली एका जातीची गोळी थकलेल्या हृदयालाही उपयोगी पडते, हे २०१९ साली एका मोठ्या चाचणीत दिसून आलं. तीही आईंना चालू झाली. आणि लघवी होण्याची गोळी. ही गोळी आई कुठं जायचं असलं की गुपचूप चुकवायच्या! का, ते तुम्ही ओळखलंच असेल. कार्यालयात बायकांची ती सोय कशी असते, आपल्याला ठाऊक आहे. मग डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची वेळ बदलून घेतली. पुरुष डॉक्टरांशी हे बोलायला त्या लाजत होत्या, मी बोलले. एवढंच तर काम होतं.

धाकट्यानं कुठूनसं वाचून एक गोष्ट सांगितली, ती आईंना फार आवडली. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग नावाचा डॉक्टर होता. अशा अंगभर सुजेवर एक म्हातारी घरगुती काढा देते आणि माणसं बरी होतात, हे १७७५ साली त्याच्या कानावर आलं. काढ्यात वीसएक झाडपाले होते. त्यातलं गुणकारी झाड कोणतं, ते त्यानं हुडकलं, दहा वर्षं रोग्यांवर पाहिलं आणि १७८५ साली पुस्तक लिहिलं. त्याच जातीच्या झाडापासून निघालेलं औषध आजही काही हृदयरोग्यांना अगदी मोजून देतात. मोजून, कारण ते झाड विषारी आहे. त्या बाईचं नाव मात्र पुस्तकात नाही. आई म्हणाल्या, ‘बघ, सूज ओळखली बाईनंच!’ मला ते चांगलंच लागलं.

वर्षानं पुन्हा इको काढला. तीसाचे बेचाळीस झाले होते. मामंजींनी पेढे आणले आणि आईंना अर्धाच दिला. दुखणं गेलेलं नाही, ते आता सोबतीलाच राहणार. पण काबूत आहे. आई रोज संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालतात. तुळस गच्चीवरून अंगणात आणली.

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी एक करा. घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या नडगीवर, घोट्याच्या वर, बोट पाच-दहा सेकंद दाबून धरा आणि खड्डा राहतो का पाहा. रात्री उशा किती घेतात ते मोजा. मागच्या वर्षी जिना किती दमात चढत होत्या ते आठवा. सूज दिसली म्हणजे हृदयच, असं नाही. मूत्रपिंडं, रक्ताची कमतरता, थायरॉइड, काही औषधं, अशी दुसरीही कारणं असतात. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या, आपण ‘वय झालं’ म्हणून मोकळ्या होऊ नका. घरात बाळंतीण असेल तर तिच्याकडेही लक्ष द्या. दिवस भरत आल्यापासून बाळ पाच महिन्यांचं होईपर्यंत क्वचित कुणाचं हृदय असंच थकतं, आणि सगळे म्हणतात बाळंतपणाचा अशक्तपणा. आणि हो, आपल्या स्वतःच्या पायावरही बोट दाबा. आपण तरी कुणाला सांगतो दमले म्हणून?

यंदाच्या एप्रिलमध्ये मी थोडेच पापड केले. पापडखार घातला नाही, मीठ चिमूटभर. फुलत नाहीत तितके, पण चालतात. आई शेजारी खुर्चीत बसून लाट्या मोजत होत्या. मधेच म्हणाल्या, ‘दमले गं.’

मी लाटणं खाली ठेवलं आणि त्यांना उशी आणून दिली.